गोव्यात जुने, चांगले कपडे: कुठे, कधी आणि कुणाकडून

पुण्याहून आलेल्याला मंगळवार पेठेतला जुना बाजार ठाऊक असतो, मुंबईकराला चोरबाजार आणि फॅशन स्ट्रीट. गोव्यात नोकरी लागली, पर्वरीत किंवा मडगावात भाड्याचं घर मिळालं की तसा बाजार इथे कुठे भरतो, असा प्रश्न हमखास येतो. तसा एकच मोठा बाजार इथे नाही. तरीही जुने, भक्कम शिवणीचे आणि खिशाला परवडणारे कपडे गोव्यात मुबलक मिळतात. फक्त ते शोधताना आधी एक विचारायचं: हा कपडा कोण सोडतंय, आणि का? आपल्याकडे दारावर जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण यायची. कुठल्या घरचं कपाट कधी आवरलं जातं, कुठे लग्न झालं, कुठे बदली, हे तिला नेमकं माहीत असायचं. गोव्यात तीच नजर कामाला येते.

नवीन माणूस पहिल्यांदा जातो तो हणजूणच्या (अंजुनाच्या) बुधवारच्या बाजाराला. जरूर जा, पण काय बघायचं ते ठरवून जा. सत्तरच्या दशकात तिथे राहणारे हिप्पी पुढच्या प्रवासाला पैसे हवेत म्हणून आपल्याच वस्तू आणि कपडे विकायचे, त्यातून हा बाजार उभा राहिला. 'एट फिंगर एडी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी गृहस्थाचं नाव या बाजाराच्या सुरुवातीशी जोडलं जातं. २०१० साली तो गोव्यातच वारला. म्हणजे मुळात हा खराखुरा जुन्या कपड्यांचा बाजार. आज मात्र तिथे बहुतेक दुकानदार बाहेरून घाऊक माल आणून विकणारे आहेत. 'व्हिंटेज' म्हणून टांगलेला शर्ट बऱ्याचदा नवाच असतो, फक्त धुऊन विटका केलेला. हडफड्याच्या (आर्पोराच्या) शनिवारच्या रात्रीच्या बाजाराचंही साधारण तेच. गाणी, खाणं, फिरणं यासाठी तो छान, कपड्यांसाठी महाग.

हणजूणला माझं सगळं लक्ष असतं लमाणी बायकांच्या पथाऱ्यांवर. जुन्या घागरा-चोळीचे तुकडे जोडून केलेल्या पिशव्या, जाकिटं, कंबरपट्टे तिथे मिळतात, आणि त्यातला एखादा तुकडा खरंच जुना निघतो. ओळखायचा कसा? उलटा करून. हाताच्या भरतकामाची मागची बाजू कधीच एकसारखी नसते. गाठी दिसतात, दोरा एका फुलावरून दुसऱ्या फुलावर तिरका गेलेला असतो, मध्येच रंगाची छटा बदलते, कारण तेवढा दोरा संपला होता. मशीनच्या कामाला मागे दोऱ्यांची सरळसोट जाळी असते, बहुधा वर पांढरं अस्तर चिकटवलेलं. आरशाभोवतीचे टाके नखाने हलके हलवून बघा. टाके सैल झाले असतील तर ते पुन्हा घालता येतात, पण आरशाखालचं कापडच विरलं असेल तर तो तुकडा भिंतीवर लावायचा, अंगावर घालायचा नाही. आणि या बायकांशी घासाघीस करताना जरा बेतानं. तो टाका घालायला किती वेळ लागतो, हे आपण सुई धरली असेल तर आपल्याला कळतंच.

आता खरा हंगाम सांगते. नोव्हेंबरपासून आसगाव, शिवोली, मोरजी, हरमल या पट्ट्यात महिनोन्‌महिने घर घेऊन राहणारी माणसं येतात आणि पाऊस सुरू व्हायच्या आत निघतात. एप्रिल-मेमध्ये त्यांचं सामान निघतं. विमानात वजन मोजून न्यायचं असतं, आणि पावसाळ्यात बंद घरात कपडे ठेवले तर सप्टेंबरपर्यंत त्यांची माती होते, हे त्यांना पक्कं माहीत असतं. म्हणून लिननचे शर्ट, जुन्या डेनिम, रेशमी स्कार्फ, लोकरी जाकिटं अगदी नाममात्र किमतीला सुटतात. कॅफेंमधल्या सूचना फलकांवर आणि त्या त्या गावच्या फेसबुक गटांवर 'घर रिकामं करतोय' अशा चिठ्ठ्या दिसू लागल्या की दुचाकी काढा. लोकरीच्या कपड्यांचा तर इथे फार फायदा. गोव्यात कोट कुणालाच नको असतो, पण ज्याचं गाव कोल्हापूर-बेळगावकडे आहे किंवा जो डिसेंबरात नाशिकला जातो, त्याला तो कोट वर्षानुवर्षं पुरतो.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार वेगळ्या जातीचा. तो इथल्या लोकांचा बाजार आहे. सावंतवाडी, बांदा, दोडामार्गाकडूनही माणसं येतात, त्यामुळे मराठी माणसाला तिथे परकं वाटत नाही. भाजी, मासळी, चोरिसच्या (गोव्याच्या सॉसेजच्या) माळा, मातीची भांडी यांच्या गर्दीतून कपड्यांच्या पथाऱ्यांकडे वळा. तिथल्या ढिगात निर्यातीतून उरलेला माल आणि वापरलेले कपडे अनेकदा एकत्र असतात. निवड हवी तर सकाळी लवकर, भाव हवा तर संध्याकाळी आवराआवर चालू असताना जायचं. पणजीहून कदंबची (सरकारी परिवहनची) शटल बस पकडा, गाडीला जागा शोधण्यात अर्धा दिवस घालवू नका. 'कितले?' एवढी कोंकणी पुरते, पण 'मात्शें उणें कर' (थोडं कमी कर) म्हणून हसून बघा, फरक पडतो. साध्या सुती शर्टाला मी २०० रुपयांच्या वर जात नाही.

डिसेंबरात जुन्या गोव्याच्या फेस्ताला (चर्चच्या सणाला) आणि डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेला मोठी फेरी, म्हणजे तात्पुरता बाजार, भरते. कपड्यांचे स्टॉल असतात, पण जुनं असं क्वचितच. घरचे पडदे-चादरी घ्यायला ठीक.

सगळ्यात सुंदर कपडे मात्र कुठल्याच बाजारात येत नाहीत. गोव्यातली कितीतरी ख्रिस्ती कुटुंबं पोर्तुगाल, इंग्लंड, आखाताकडे गेली आहेत. मागे राहिलेल्या घरांत कपाटं भरलेली असतात: फेस्ताला शिवलेले फ्रॉक, लग्नाचे सूट, बारीक चुण्यांचे ब्लाउज. घर विकायला निघालं किंवा दुरुस्तीला काढलं की ते बाहेर येतात. तिथपर्यंतची वाट शिंप्याकडून जाते. आपल्या वॉर्डातला जुना शिंपी गाठा, दोन साधी कामं द्या, ओळख होऊ द्या, मग सांगून ठेवा. कुणाचं काय पडून आहे हे त्याला माहीत असतं. अशा घरी बोलावलं तर बसा, चहा घ्या, आणि किमतीवरून ताणू नका. समोरची बाई आपल्या आईचा ड्रेस हातातून सोडत असते. पैशांइतकंच तिला हेही हवं असतं की तो कुणीतरी नीट घालावा.

कुणबी साडीबद्दल सावध राहा. लाल चौकड्यांची ही साडी विणणं जवळजवळ थांबलं होतं. डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी तिला पुन्हा लोकांसमोर आणलं, आणि आता नव्या कुणबी साड्या सर्वत्र मिळतात. नवी जरूर घ्या, विणकराला काम मिळतं. पण 'शंभर वर्षांची आहे' म्हणून कुणी दुप्पट भाव सांगितला तर पाठ फिरवा. नजर तयार करायची असेल तर कोलवाळला रॉड्रिक्स यांच्या घरातलं 'मोडा गोवा' वस्त्रसंग्रहालय बघून या.

विदेशी कपड्याचं वय लेबल बरंच सांगतं. कॉलरच्या आत 'वेस्ट जर्मनी' लिहिलं असेल तर तो १९९०पर्यंतचा, 'चेकोस्लोव्हाकिया' असेल तर १९९२पर्यंतचा. धुण्याच्या सूचनांचं लेबल अमेरिकेत १९७२पासून सक्तीचं झालं, त्यामुळे अमेरिकी कपड्यावर ते मुळीच नसेल आणि उसवल्याची खूणही नसेल, तर तो बहुधा त्याआधीचा. लिव्हाईस जीन्सच्या खिशाजवळच्या लाल पट्टीवर नावाची सगळी अक्षरं कॅपिटल असली की ती १९७१च्या आधीची, असं विक्रेते छातीठोकपणे सांगतात. खूण खरी आहे, पण कंपनी जुन्या नमुन्यावर नवे कपडेही काढते, तेव्हा फक्त तेवढ्यावर पैसे टाकू नका.

माझं मत विचाराल तर लेबल शेवटी, कापड आधी. कपडा उजेडासमोर धरा. काखेत, मांडीत, कोपराशी विरळ झालाय का बघा. शिवण दोन्ही हातांनी हलकी ओढा. कापड टरकायला लागलं तर ठेवून द्या, नुसता दोरा तुटला तर काळजी नाही. इलॅस्टिक गेलेलं असणारच, ते बदलता येतं. आतल्या शिवणीत दोन बोटं कापड दुमडलेलं असेल तर आनंदाने घ्या, शिंप्याला सैल करायला जागा आहे. कापड कुठलं याची शंका असेल तर दुमडीतला एक धागा मागून घ्या आणि जाळून बघा. रेशीम-लोकर केस जळल्यासारखा वास मारते, सुताला कागदाचा वास येतो, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. गोव्याच्या घामात पॉलिस्टर कितीही सुरेख असलं तरी घरातच राहतं.

जून ते सप्टेंबर जुना कपडा विकत घेऊ नका. तो वाळत नाही आणि बुरशीचा वास दमट हवेत वेगळा कळत नाही. चामड्याच्या वस्तूला तर हात लावू नका. इतर महिन्यांत घरी आणलेला कपडा इतर कपड्यांत मिसळायच्या आधी दोन दिवस कडक उन्हात टाका, रेशीम असेल तर सावलीत वाऱ्यावर. मग बादलीभर पाण्यात कपभर पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा आणि धुवा. सुती असेल तर गरम पाण्यात. लोकर आणि जरीकाम धोब्याकडे ड्रायक्लीनला. पांढरट बुरशीचे ठिपके घराबाहेर, नाकाला रुमाल बांधून ब्रशने झाडायचे. काळे ठिपके पडले असतील तर ते बहुधा जात नाहीत, म्हणून घेतानाच कॉलरखाली आणि खिशाच्या आत बघून घ्या.