बोटीवरची बॅटरी दुरून चालू-बंद करण्यासाठी रिले कसा बसवावा

बॅटरीचा मुख्य स्विच खाली बॅटरीपाशीच असतो. सुकाणूजवळ छोटं बटण आणि बॅटरीपाशी रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, बसवला, की वरपर्यंत बारीक तारच न्यावी लागते. जाड केबल आखूडच राहते.

रिले लॅचिंग प्रकारचाच, म्हणजे दिलेल्या स्थितीत आपोआप अडकून राहणारा, घ्या. साध्या रिलेची कॉइल, म्हणजे आतला विद्युतचुंबक, चालू असेपर्यंत वीज खाते. ती 1 अँपियर घेत असेल, तर दिवसाला 24 अँपियर-तास गेले, म्हणजे 100 अँपियर-तासांची बॅटरी दोन दिवसांत निम्मी. लॅचिंग रिलेला फक्त स्थिती बदलताना क्षणभर वीज लागते. इंजिन सुरू करणाऱ्या स्टार्टरचा सोलेनॉइड (तोही एक रिलेच) इथे अजिबात लावू नका. तो काही सेकंदांच्या कामासाठी असतो, सतत चालू ठेवला तर कॉइल जळते. कॉन्टॅक्टची, म्हणजे आतल्या जुळणाऱ्या धातूच्या टोकांची, क्षमताही डीसीची बघा. एसीत प्रवाह सेकंदाला अनेकदा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. डीसीत ती ताणली जाते आणि कॉन्टॅक्ट खाते.

काम सुरू करण्यापूर्वी चार्जर आणि सोलर पॅनलची जोडणी काढा, मग बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. पॉझिटिव्हवर आधी मुख्य फ्यूज, शक्य तितका बॅटरीजवळ, आणि त्यानंतर रिले. फ्यूज केबलच्या क्षमतेपेक्षा मोठा नको. बटणाची तार रिलेच्या बॅटरीकडच्या बाजूने, स्वतंत्र छोट्या फ्यूजमधून घ्या. ती लोडच्या, म्हणजे उपकरणांच्या, बाजूने घेतली तर एकदा बंद केलेला रिले बटणाने पुन्हा चालूच होणार नाही! बटण दाबून सोडायचं, मधे परत येणारं हवं. कॉइलला सतत वीज मिळता कामा नये. रिले चालू आहे हे दाखवणारा दिवा मात्र लोडच्या बाजूने जोडा, म्हणजे खरी स्थिती कळते.

वीज तुटताना कॉइलवर व्होल्टेज उसळतं, म्हणून एकाच दिशेने वीज मिळणाऱ्या साध्या कॉइलवर 1एन4007 डायोड, पट्टीची बाजू पॉझिटिव्हला. ध्रुव उलटवून चालणाऱ्या एकाच कॉइलवर तो लावू नका, एका दिशेला शॉर्ट होईल. तिथे दोन्ही दिशांचा सप्रेसर, म्हणजे उसळी शोषणारा भाग, लागतो.

बिल्ज पंप (बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा) रिलेच्या आधी, स्वतःच्या फ्यूजमधून, थेट बॅटरीवर. मुख्य वीज बंद असतानाही पाणी उपसलं गेलंच पाहिजे. अल्टरनेटरची (इंजिनावरच्या जनित्राची) तारही फ्यूजमधून बॅटरीच्या बाजूलाच जोडा. इंजिन चालू असताना बॅटरीची जोडणी सुटली तर व्होल्टेज उसळून त्याचे डायोड जातात.

कॉन्टॅक्ट चिकटण्याची दोन मोठी कारणं. उतरलेल्या बॅटरीवर साधा रिले फडफडतो. आणि मोठ्या इन्व्हर्टरचे कपॅसिटर जोडताक्षणी प्रचंड प्रवाह ओढतात. त्यांना आधी रेझिस्टरमधून भरून घ्या.

पेट्रोल इंजिनाच्या खोलीत इग्निशन-प्रोटेक्टेड, म्हणजे आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटू न देणारा, रिलेच चालतो. हाताने फिरवता येणारी मूठ असलेला मिळाला तर तोच घ्या, नाहीतर समांतर हाती स्विच लावा, एरवी तो बंदच ठेवायचा.

शेवटी विंडलास, म्हणजे नांगर ओढणारं विजेचं यंत्र, चालू असताना रिलेच्या दोन बोल्टांमध्ये मल्टिमीटर लावा. 100 अँपियरला 50 मिलिव्होल्ट म्हणजे 5 वॅट उष्णता. आकडा त्याहून बराच जास्त आला तर आधी लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) काढून, घासून, नीट आवळा. दोष बहुतेकदा तिथेच सापडतो.