ईजेबीमध्ये फाइल हाताळताना: नवोदितांसाठी अनुभवाचे चार शब्द

जळगाव, धुळे किंवा शिरपूरच्या महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला फाइल उघडणे, वाचणे आणि बंद करणे प्रात्यक्षिकांमुळे चांगले अवगत असते. मात्र एंटरप्राइझ जावाबीन्सच्या (ईजेबी) प्रकल्पात रुजू होताच बीनमधून, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या जावा घटकातून, फाइलला हात लावू नये, असे त्याला सांगितले जाते आणि त्यामागचे कारण बहुधा सांगितले जात नाही. ईजेबीच्या जुन्या स्पेसिफिकेशनमध्ये ही स्पष्ट मनाई होती. 2013 च्या 3.2 आवृत्तीत तिच्या जागी सावधगिरीची सूचना आली, परंतु मूळ अडचण आजही तशीच आहे.

मी कापूस खरेदीच्या एका प्रणालीवर काम केले आहे. धरणगावच्या शेतकऱ्याची गाडी काट्यावर चढली की वजनाची नोंद डेटाबेसमध्ये जायची आणि काटापावतीची पीडीएफ तयार व्हायची. समजा, बीनने पीडीएफ डिस्कवर लिहिली आणि त्यानंतर त्याच ट्रान्झॅक्शनमधली (एकतर पूर्ण होणाऱ्या, नाहीतर पूर्ण रद्द होणाऱ्या व्यवहारातली) दुसरी नोंद फसली, तर कंटेनर, म्हणजे बीन चालवणारी सर्व्हरची यंत्रणा, डेटाबेसमधले सर्व बदल मागे घेतो, पण डिस्कवरची फाइल तशीच राहते, कारण साधी फाइल सिस्टिम त्या ट्रान्झॅक्शनमध्ये सहभागीच नसते. मग शेतकऱ्याच्या हातात पावती असते आणि खात्यात माल जमाच नसतो. कष्टाच्या पैशाचा हा हिशेब असल्यामुळे मी या मुद्द्याला सर्वांत अधिक महत्त्व देतो.

याची उलट बाजू अधिक फसवी आहे. आयओएक्सेप्शन (फाइल वाचता-लिहिताना येणारी त्रुटी) हे चेक्ड एक्सेप्शन, म्हणजे कोडमध्ये आधीच जाहीर करावे लागणारे, असल्यामुळे ते बीनबाहेर फेकले गेले तरी कंटेनर आपणहून रोलबॅक करत नाही, म्हणजे बदल मागे घेत नाही. म्हणजे फाइल लिहिली गेली नाही तरी नोंद कमिट, म्हणजे कायम, होऊ शकते. हे टाळण्यासाठी सेटरोलबॅकओन्ली ही मेथड बोलवावी, किंवा आयओएक्सेप्शन पकडून रोलबॅक ट्रू असलेल्या स्वतःच्या ॲप्लिकेशन एक्सेप्शनमध्ये गुंडाळून फेकावे.

सर्व्हर एकापेक्षा अधिक असले की पहिल्याच्या डिस्कवरची पावती दुसऱ्याला सापडत नाही, हे वेगळे सांगायला नको.

माझ्या मते लहान पावत्या डेटाबेसमध्येच ब्लॉब (बायनरी डेटाचा रकाना) म्हणून ठेवणे सर्वांत सुरक्षित. फाइल हवीच असेल, तर बीनने नोंद करून त्याच एक्सए ट्रान्झॅक्शनमध्ये (डेटाबेस व संदेशरांग दोन्हींना एकत्र बांधणाऱ्या) जेएमएस, म्हणजे जावाच्या संदेशवहन सेवेचा, संदेश पाठवावा. कमिट झाल्याशिवाय तो पुढे जात नाही आणि फाइल लिहिण्याचे काम संदेश घेणाऱ्या घटकाकडे राहते. एकच संदेश पुन्हा येऊ शकतो, म्हणून फाइलचे नाव पावती क्रमांकावरूनच ठरवावे. आधी त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहून नंतर फाइल्स.मूव्हला ॲटॉमिक मूव्हचा पर्याय देऊन नाव बदलले, तर अर्धवट फाइल कोणाच्या हाती लागत नाही.

मजकुराची फाइल लिहिताना यूटीएफ-8 हे एन्कोडिंग (अक्षरे बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) कोडमध्ये नेहमी स्पष्टपणे लिहावे. जावा 18 पासून, म्हणजे 2022 पासून, ते डीफॉल्ट झाले आहे. परंतु जुन्या जावावर सर्व्हरचे डीफॉल्ट एन्कोडिंग वापरले जाते आणि ते देवनागरीला न पेलणारे असेल, तर गावाच्या नावाच्या जागी निव्वळ प्रश्नचिन्हे उमटतात.

हे सर्व घरच्या लॅपटॉपवर पडताळता येते. वाइल्डफ्लाय या जावा सर्व्हरवर एक छोटा बीन चढवावा, फाइल लिहून झाल्यावर एकदा रनटाइम एक्सेप्शन आणि एकदा आयओएक्सेप्शन फेकावे, आणि दोन्ही वेळा टेबलातील ओळ व डिस्कवरील फाइल शेजारी ठेवून तपासावी.