कच्च्या केलचं सॅलड, दाण्याचं कूट घालून

केल म्हणजे कोबीच्या कुळातली जाड पानांची पालेभाजी. केलचं सॅलड आवडत नाही म्हणणाऱ्या बहुतेकांनी तो न चोळता खाल्लेला असतो असं माझं ठाम मत आहे. कोबीसारखा चिरला, वर लिंबू पिळलं आणि लगेच ताटात घेतला तर तो चिवट लागणारच, चावून चावून जबडा दुखतो, घशाशी कडवट लागतो आणि मग उरलेली जुडी फ्रीजमधे पिवळी पडत बसते. तेच पान मीठ आणि तेल लावून दोन-तीन मिनिटं हाताने नीट चोळलं की खाण्यासारखं होतं, बाकी सगळी रेसिपी म्हणजे त्यात काय काय घालायचं एवढाच प्रश्न.

ज्यांनी खानदेश, वऱ्हाड किंवा मराठवाड्याकडचा मेथीचा घोळाणा खाल्लाय त्यांना हे पटकन कळेल, कच्ची मेथी, कांदा, दाण्याचं कूट, तिखट, मीठ आणि वरून कच्चं तेल, भाकरीबरोबर. कच्ची पालेभाजी खायची सवय आपल्याकडे आहेच. फक्त मेथीचं पान कोवळं असतं त्यामुळे ते नुसतं कालवलं तरी चालतं, केल जाड असतो, त्याला हाताचा जोर लागतो.

आणताना काय बघायचं ते आधी सांगते. दुकानात साधारण दोन प्रकार दिसतात, एक झालरीसारख्या कुरळ्या पानांचा आणि दुसरा लांबट, काळपट हिरव्या, खडबडीत पानांचा, त्याला टस्कन किंवा डायनासोर केल म्हणतात. कच्चं खायला मला टस्कन जास्त आवडतो कारण तो लवकर नरम होतो आणि धुवायलाही सोपा, पण कुरळाही चालतो, थोडा जास्त चोळायचा. पानं लहान आणि ताठ बघून घ्या, मोठी पानं जास्त चिवट असतात. परदेशात थंड हवेच्या ठिकाणी राहत असाल तर हिवाळ्यातला केल नक्की घ्या, कडाक्याची थंडी खाल्लेल्या केलमधे साखर वाढते आणि तो खरंच गोडसर लागतो. मुंबई-पुण्यात मोठ्या सुपरमार्केटमधे किंवा हायड्रोपोनिकवाल्यांकडे (मातीशिवाय, पाण्यावर भाज्या पिकवणाऱ्यांकडे) मिळतो, महाग असतो, त्यामुळे वाया घालवू नका.

दोघांसाठी प्रमाण असं: साधारण २०० ग्रॅमची एक जुडी, पाव छोटा चमचा मीठ, एक मोठा चमचा तेल (शेंगदाण्याचं घाण्याचं किंवा ऑलिव्ह), एका लिंबाचा रस, एक गाजर किसून, अर्धा कांदा अगदी बारीक चिरून, पाव वाटी दाण्याचं जाडसर कूट, मूठभर डाळिंबाचे दाणे आणि एक हिरवी मिरची. मिरची नको असेल तर मिरपूड.

धुणं नीट करा. कुरळ्या पानांच्या घड्यांत माती आणि कधीकधी मावा (बारीक कीड) बसलेला असतो, वरवर नळाखाली धरून तो निघत नाही. मोठ्या पातेल्यात मिठाचं पाणी करून पानं दहा मिनिटं बुडवून ठेवायची आणि मग दोनदा साध्या पाण्यात खळबळून काढायची. नंतर ती कोरडी करायची, सॅलड स्पिनर असेल तर उत्तम, नाहीतर स्वच्छ पंचावर पसरून वरून टिपून घ्या. ओल्या पानाला तेल धरत नाही आणि सॅलडखाली पाणी साठतं, त्यामुळे ही पायरी गाळू नका.

मग मधला जाड देठ काढायचा. देठ एका हाताने धरा, दुसऱ्या हाताने खालून वरपर्यंत पान ओढून घ्या, सर्रकन निघतं. देठ टाकू नका. पानं एकावर एक ठेवून गुंडाळी करा आणि जितकी बारीक चिरता येतील तितकी चिरा.

आता चोळणं. परातीत चिरलेला केल घ्या, त्यावर मीठ आणि तेल घाला आणि दोन्ही हातांनी मुठीत घेऊन दाबत, सोडत, परत दाबत चोळा. सुरुवातीला पानं हातात ताठ आणि खरखरीत लागतात, त्यांच्यावर मेणासारखा भुरकट थर असतो. मिनिटभरात ती ओलसर व्हायला लागतात, रंग गडद आणि चकचकीत होतो, आणि परातभर दिसणारा ढीग जवळजवळ निम्म्यावर येतो. तिथे थांबा आणि एक पान खाऊन बघा, दाताखाली सहज तुटलं पाहिजे. फार चोळलं तर लगदा होतो, तो बरा लागत नाही. मग लिंबाचा रस घालून दहा मिनिटं झाकून ठेवा, तेवढ्यात उरलेला कडवटपणाही बराच उतरतो. खाताना गाजर, कांदा, मिरची, डाळिंब आणि शेवटी कूट. मीठ परत चाखून मगच घाला.

तेल वगळून फक्त लिंबावर करू असा विचार करत असाल तर करू नका. केलमधलं बीटा कॅरोटीन आणि व्हिटॅमिन के शरीरात नीट जायला थोडा स्निग्ध पदार्थ लागतोच, आणि लिंबातल्या व्हिटॅमिन सीमुळे पालेभाजीतलं लोह जास्त शोषलं जातं. पालकापेक्षा केलमधे ऑक्झलेट, म्हणजे कॅल्शियमला धरून ठेवणारा घटक, खूप कमी असतं म्हणून त्यातलं कॅल्शियमही जास्त चांगलं मिळतं. मात्र घरात कोणी वॉरफरिनसारखी रक्त पातळ करायची गोळी घेत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे सॅलड रोज सुरू करू नका, व्हिटॅमिन केचा त्या गोळीवर थेट परिणाम होतो. थायरॉईडचा त्रास असणाऱ्यांनीही रोज ढीगभर कच्चा केल खाण्याआधी विचारून घ्यावं.

जेवण म्हणूनच खायचं असेल तर त्यात उकडलेले छोले किंवा वाफवलेली मोड आलेली मटकी घाला, पोटभरीचं होतं. मला वरून तेलाची मोहरी-हिंगाची फोडणी घातलेलं सगळ्यात आवडतं, तेव्हा चोळताना तेल अर्धंच घ्यायचं, फोडणी जरा निववून घालायची, आणि गरम वरण-भाताबरोबर कोशिंबिरीसारखं खायचं.

देठं अगदी बारीक चिरून थालीपिठाच्या पिठात किंवा झुणक्यात घाला, शिजली की कळतही नाहीत.

चोळून लिंबू लावलेला केल डब्यात घालून फ्रीजमधे दोन दिवस छान राहतो, काकडी-टोमॅटोच्या कोशिंबिरीसारखं पाणी सुटत नाही. ऑफिसला नेणार असाल तर कूट आणि कांदा वेगळ्या डबीत न्या आणि खाताना मिसळा, कूट आधी घातलं तर दुपारपर्यंत मऊ पडतं.