डिस्लेक्सिया असलेल्या मुलाच्या अभ्यासासाठी मोबाइल कसा वापरावा

डिस्लेक्सिया असलेल्या पाचवीतल्या मुलाला बाष्पीभवन म्हणजे काय ते तोंडी विचारा. दोरीवरच्या ओल्या कपड्यांचं उदाहरण देऊन तो नीट सांगेल. तेच पुस्तकातून वाचताना ‘बाष्पी’पाशी अडखळेल, ‘भवन’चं ‘मवन’ करेल आणि ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरलेला असेल. त्याला विषय कळतो, अक्षरं आडवी येतात. वाचनाचा सराव वेगळा चालू ठेवायचाच, पण तोवर अक्षरांपायी विज्ञान आणि इतिहास का अडावा? मोबाइल कामी येतो तो इथे.

१. आधी आवाज बसवा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘टेक्स्ट टू स्पीच’ शोधून मराठी आवाज डाउनलोड करा आणि बोलण्याचा वेग थोडा कमी करा. मग अ‍ॅक्सेसिबिलिटीतलं ‘सिलेक्ट टू स्पीक’ सुरू करा. त्याचं चिन्ह दाबून मजकुरावर बोट ठेवलं की फोन वाचून दाखवतो. फोनच्या कंपनीप्रमाणे जागा बदलते, म्हणून सेटिंग्जच्या शोधपट्टीचाच आधार घ्या.

२. पाठ्यपुस्तक फोनवर घ्या. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. पीडीएफ वाचताना फोन भलतेच शब्द बोलू लागला, तर छापील पानावर गूगल लेन्स (कॅमेऱ्याने मजकूर ओळखणारी गूगलची सोय) धरा, मजकूर निवडा आणि ‘ऐका’ दाबा.

३. ऐकवण्याची पद्धत ठरवा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एका वेळी एकच परिच्छेद घ्या. पहिल्यांदा मुलाने पुस्तक मिटून नुसतं ऐकावं. दुसऱ्यांदा छापील पान समोर ठेवून, आवाजाबरोबर ओळीखालून बोट फिरवत ऐकावं. त्यामुळे ‘ष्प’सारखं जोडाक्षर आणि त्याचा उच्चार एकाच वेळी भेटतात. नंतर काय कळलं ते त्याच्या शब्दांत सांगू द्या, पाठ म्हणून घेऊ नका. भावंडांसमोर संकोच वाटत असेल तर हेडफोन द्या. ‘ऐकून केला तो काय अभ्यास?’ असं घरात कुणी म्हणालं, तर तुम्ही ठामपणे मुलाच्या बाजूने उभे राहा.

४. पडदा सोपा करा. अक्षरांचा आकार वाढवा, अभ्यासाच्या वेळेत नोटिफिकेशन बंद ठेवा. डिस्लेक्सियासाठीच्या खास फॉन्टच्या मागे लागू नका. ते बहुतेक रोमन लिपीसाठी बनलेले आहेत.

५. उत्तरं बोलून लिहू द्या. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडा आणि माइकचं चिन्ह दाबून मुलाला बोलू द्या. आधी पूर्ण वाक्य मनात जुळवायचं, मग बोलायचं. विरामचिन्हं मागाहून दोघांनी मिळून घालावीत. लिहून झालेलं उत्तर फोनकडून वाचून घेतलं की राहिलेला शब्द मुलाला स्वतःच सापडतो.

वाक्य मनात जुळवून बोलण्याच्या या सवयीचा फायदा परीक्षेतही होतो. तिथे फोन नेता येत नाही, पण डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र असेल तर लेखनिक आणि जादा वेळ अशा सवलती मिळू शकतात. लेखनिकाला उत्तर सांगायचं तर वाक्य मनात बांधून बोलता यायला हवं. अध्ययन अक्षमतेचा २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पष्ट समावेश आहे. निदानासाठी मात्र मोबाइलवरच्या चाचण्यांवर विसंबू नका. मुंबईत सायनच्या पालिका रुग्णालयात ही तपासणी होते. इतर ठिकाणी शाळेत किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, आणि तीही दहावीची वाट न पाहता.