पान ४५ सेकंदांचं: गाजलेल्या सुपरहिरो कॉमिकचा अ‍ॅनिमेशनपट कसा करावा

बॅटमॅन किंवा सुपरमॅनचं एखादं गाजलेलं कॉमिक हातात घेतलं की पहिला मोह होतो तो चौकटी जशाच्या तशा पडद्यावर मांडण्याचा. चित्रं तयार, संवाद तयार, कॅमेरा कुठून बघतोय तेही चित्रकाराने ठरवून ठेवलेलं. राहतो फक्त वेळ, आणि खरं काम तिथेच आहे. कॉमिक वाचणारा आपल्या चालीने वाचतो, एका चौकटीवर रेंगाळतो, मागचं पान पुन्हा उलटतो. सिनेमात घड्याळ दिग्दर्शकाच्या हातात जातं. म्हणून पेन्सिल उचलण्याआधी स्टॉपवॉच उचला.

त्याआधी हक्कांचं बघून घ्या. दुसऱ्याच्या कॉमिकचं रूपांतर करण्याचा हक्क भारतीय कॉपीराइट कायद्याच्या (१९५७) कलम १४ नुसार मूळ हक्कधारकाकडे असतो, आणि तो मिळवायचा तर लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. अ‍ॅनिमेशनपटाला दोन-तीन वर्षं सहज लागतात, त्यामुळे या दोन रकाने मोकळे सोडू नका. सुपरमॅनचं पहिलं कॉमिक (१९३८) अमेरिकेत २०३४ च्या १ जानेवारीला, तर बॅटमॅनचं (१९३९) २०३५ च्या १ जानेवारीला कॉपीराइटमधून मुक्त होईल. मुक्त होणार ती त्या पहिल्या अंकातली व्यक्तिरेखा. नंतरची पात्रं, वाहनं, पोशाखातले बदल नाहीत. सरावासाठी दोन मिनिटांचा प्रसंग करून स्वतःजवळ ठेवणं वेगळं आणि तो लोकांसमोर आणणं वेगळं.

आधी पानं मोजा

साधारण हिशेब असा: सुपरहिरो कॉमिकचं एक पान पडद्यावर ४० ते ५० सेकंद घेतं. हा आकडा झालेल्या कामांवर ताडून बघता येतो. 'बॅटमॅन: इयर वन' ही १९८७ ची चार अंकांची कथा शंभराच्या आतबाहेर पानांची आहे. २०११ चा तिचा अ‍ॅनिमेशनपट ६४ मिनिटांचा झाला, म्हणजे पानाला ४० सेकंद. 'द डार्क नाइट रिटर्न्स' (१९८६) सुमारे २०० पानांचं. त्याचे २०१२ आणि २०१३ मध्ये प्रत्येकी ७६ मिनिटांचे दोन भाग निघाले, म्हणजे पानाला ४५ सेकंद. दोन्ही रूपांतरं मूळ कथेच्या अगदी जवळ आहेत, आणि त्याचं एक साधं कारण हे गणित आहे.

गणित जमलं नाही की काय होतं तेही बघा. 'द किलिंग जोक' (१९८८) हे जेमतेम ४८ पानांचं पुस्तक. ४५ सेकंदांच्या हिशेबाने ३६ मिनिटं भरतात. २०१६ चा चित्रपट पूर्ण लांबीचा करायचा म्हणून सुरुवातीला बॅटगर्लची जवळजवळ अर्ध्या तासाची नवी कथा जोडली गेली. ती नंतरच्या कथेत मिसळत नाही, वेगळीच राहते, आणि चित्रपटावर सर्वाधिक टीका तिच्यावरूनच झाली. लहान कथेला ठिगळ लावण्यापेक्षा ती ३६ मिनिटांचीच करावी, किंवा लांबी वाढवायचीच असेल तर आहे त्या प्रसंगांच्या आतून वाढवावी: एखादा पाठलाग, दोन ओळींत उरकलेली भेट, फक्त उल्लेखाने येणारा एखादा माणूस.

उलट टोक 'ऑल-स्टार सुपरमॅन'चं. बारा अंक म्हणजे अडीचशेहून जास्त पानं, हिशेबाने तीन तासांच्या वर. २०११ चा चित्रपट ७६ मिनिटांचा. निम्म्याहून जास्त टाकायचं होतं. पटकथाकार ड्वेन मॅकडफी यांनी कणा धरला तो एकच: सूर्याची ऊर्जा प्रमाणाबाहेर शोषली गेल्याने सुपरमॅन मरणार आहे, हाती थोडा वेळ आहे आणि समोर त्याचा शत्रू लेक्स ल्युथर आहे. या कण्याला न लागणारे जिमी ऑल्सनचा अंक आणि बिझारोचे अंक सरळ गेले. त्या अंकांवर जीव टाकणारे वाचक हळहळले, पण कणा मोडला नाही.

तुमच्या कथेचा कणा शोधायला कार्डं वापरा. प्रत्येक प्रसंगाचं एक कार्ड, त्यावर तीनच गोष्टी: काय घडतं, किती पानं, आणि हे कार्ड काढलं तर पुढचं कोणतं कार्ड कळेनासं होईल. तिसऱ्या ओळीत काहीच लिहिता आलं नाही तर ते कार्ड काढण्याच्या गठ्ठ्यात. गाजलेला प्रसंग असला तरी आधी तिथेच ठेवा, वेळ उरला तर परत आणा.

मनातलं बोलणं

सुपरहिरो कॉमिकमध्ये अर्धी कथा चौकोनी पट्ट्यांत असते, म्हणजे नायक मनात काय म्हणतो ते. फ्रँक मिलर यांच्याच दोन कथांना दोन वेगळे उपचार मिळाले. 'इयर वन'मध्ये ब्रूस वेन (म्हणजे बॅटमॅन) आणि पोलीस अधिकारी गॉर्डन यांची मनोगतं निवेदन म्हणून ठेवली, कारण एकाच शहरातल्या दोन माणसांच्या समांतर डायऱ्या हेच तिचं रूप आहे. 'द डार्क नाइट रिटर्न्स'मध्ये दिग्दर्शक जे ओलिव्हा आणि लेखक बॉब गुडमन यांनी बॅटमॅनचं मनोगत काढून टाकलं. तिथे म्हातारपण, दुखणारं शरीर, परत लढण्याची भूक हे सगळं अभिनयातून दाखवायची जबाबदारी अ‍ॅनिमेटरवर आली. काही वाचकांना ती भाषा हरवल्याचं वाईट वाटलं, आणि ते समजण्यासारखं आहे. तरी आमच्या मते निर्णय योग्य होता. सव्वा तासाच्या मारामारीवर सतत आवाज चालू राहिला तर फटक्यांचं वजन जातं.

तुमच्या पटकथेत पट्ट्या चार रंगांनी रंगवा: माहिती, भावना, स्थळकाळ, आणि नुसती वाक्यरचनेची मजा. स्थळकाळ चित्रातून येतो. माहिती एखाद्या पात्राच्या तोंडी जाते. भावनेसाठी एक कृती शोधा: ग्लास उचलताना थरथरणारा हात, जिन्यावर मध्येच थांबणं. चौथा रंग सगळ्यात दुखतो, आणि बहुतेक तोच जातो.

संवादाच्या फुग्यांचाही हिशेब करा. सावकाश, अर्थ लागेल असं बोललं तर सेकंदाला दोनेक शब्द होतात. कॉमिकमध्ये नायक हवेत उडी घेतलेली असताना तीस शब्द बोलतो आणि कुणाला खटकत नाही. पडद्यावर त्याच उडीला एक सेकंद आहे आणि बोलण्याला पंधरा. म्हणून मारामारीतले संवाद फटक्याआधी किंवा नंतर हलवा, आणि फटक्याच्या क्षणी फार तर दोन शब्द ठेवा.

रेघा कमी करा

७६ मिनिटं म्हणजे ४,५६० सेकंद, सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर १,०९,४४० फ्रेम. प्रत्येक चित्र दोन फ्रेम ठेवलं, ज्याला 'टूज'वर काम करणं म्हणतात, तरी एका पात्राची ५४,७२० चित्रं होतात. कॉमिकच्या चित्रकाराने कमरेच्या पट्ट्याच्या कप्प्यांवर ओढलेल्या दहा जास्तीच्या रेघा तुम्हाला इतक्या वेळा ओढायच्या आहेत. आणि नुसतं श्रमाचं नाही: बारीक रेघा चित्रागणिक किंचित हलतात आणि पडद्यावर पोशाख वळवळल्यासारखा दिसतो.

त्यामुळे मॉडेल शीट (पात्र सगळ्या बाजूंनी कसं दिसतं त्याचा नमुना-कागद) करताना मूळ चित्रकाराच्या रेघा मोजण्यापेक्षा त्याचे आकार पकडा. मिलर यांचा बॅटमॅन म्हणजे रुंद चौकोनी धड, मानच नाही, छोटं डोकं. हे तीन आकार राहिले की तो ओळखू येतो, छातीवरच्या आडव्यातिडव्या रेघा गेल्या तरी चालतात. प्रत्येक मुख्य पात्राच्या पाच बाजू, तोंडाच्या आठ-नऊ ठेवणी, आणि तीन प्रकाशांतले रंग (दिवस, रात्र, आगीचा उजेड) हे किमान. छातीवरचं चिन्ह वळताना कसं दिसतं याची वेगळी शीट करा. पिवळ्या अंडाकृतीतलं वटवाघूळ तिरक्या कोनात चुकलं की प्रेक्षकाच्या लगेच लक्षात येतं. पाठीवर लोंबणाऱ्या केपला स्वतंत्र पात्र समजा, कारण तिचा वेळखाऊपणा पात्राइतकाच असतो. संवादाच्या शॉटमध्ये केप अंगाभोवती लपेटलेली ठेवली तर हातही झाकले जातात आणि बरंच काम वाचतं.

पार्श्वभूमीसाठी एक जुनी युक्ती अजून कामाची आहे. १९९२ ची बॅटमॅनची टीव्ही मालिका करताना पार्श्वचित्रं काळ्या कागदावर रंगवली होती. पांढऱ्यावर काळोख थापण्याऐवजी काळोखातून जेवढं दिसायला हवं तेवढंच बाहेर काढायचं. डिजिटलमध्येही कॅनव्हास काळा भरून सुरुवात करा, रात्रीचं शहर वेगळंच उतरतं.

चौकटीचा शॉट करताना

स्टोरीबोर्डच्या, म्हणजे शॉटगणिक कच्ची चित्रं मांडण्याच्या, पहिल्या आठवड्यात एक चूक हटकून होते. डावीकडून उजवीकडे वाचताना आधी बोलणाऱ्याचा फुगा डावीकडे यावा म्हणून कॉमिकचा चित्रकार त्या पात्रालाही डावीकडे ठेवतो. पुढच्या चौकटीत दुसरा आधी बोलला की जागा बदलतात. पानावर हे कळतही नाही. पडद्यावर तशाच चौकटी एकामागून एक लावल्या तर दोघं माणसं टुणकन इकडून तिकडे गेल्यासारखी दिसतात, कारण दोघांमधली १८० अंशांची रेघ कॅमेऱ्याने ओलांडलेली असते. प्रत्येक संवादप्रसंगाचा वरून दिसणारा नकाशा काढा, रेघ ओढा, आणि कॅमेरा एकाच बाजूला ठेवून चौकटी नव्याने रचा. गरज वाटली तिथे चित्र उलटं करून घ्या, पण मग केसांचा भांग, जखमेची बाजू, चिन्ह तपासा.

फटक्याची चौकट हा दुसरा सापळा. कॉमिक नेमका ठोसा लागल्यानंतरचा क्षण दाखवतं, सगळ्यात ताणलेला. ती पोझ हुबेहूब आणून थांबवली तर ठोसा मेल्यासारखा वाटतो. तिच्या अलीकडे ६ ते ८ फ्रेम मागे झुकणं हवं, प्रत्यक्ष लागणं १ किंवा २ फ्रेममध्ये, मग कॉमिकची ती पोझ ३-४ फ्रेम, आणि नंतर सावरण्याला १० ते १२. प्रेक्षकाला जी पोझ आठवते ती पडद्यावर फार तर सेकंदाचा सहावा हिस्सा असते.

आता एक पान जवळून. 'द डार्क नाइट रिटर्न्स'ची मूळ मांडणी एका पानात १६ चौकटींची आहे. त्यात ब्रूसच्या आईवडिलांच्या खुनाची आठवण येते: पिस्तुलाची नळी आईच्या गळ्यातल्या मोत्यांच्या सरात अडकते, दोरा तुटतो, मोती विखुरतात. पानावर हे सगळे तुकडे एकाच वेळी नजरेत असतात, म्हणून ती आठवण डोक्यातून जात नाही असं वाटतं. प्रत्येक चौकटीला एक सेकंद दिला तर १६ सेकंदांचा स्लाइड शो होईल. त्याऐवजी वेळ असमान वाटा. नळी सरात शिरते: २ सेकंद. सर ताणला जातो: १ सेकंद, जवळजवळ स्थिर, आवाज बंद. दोरा तुटतो: ४ फ्रेम, प्रत्येक फ्रेमला नवं चित्र. मोती पडतात: ३ सेकंद.

शेवटच्या तीन सेकंदांत बहुतेक जण फसतात. मोती छातीच्या उंचीवरून जमिनीवर यायला खरा वेळ लागतो सुमारे अर्धा सेकंद, १२ फ्रेम. तो ७२ फ्रेमवर पसरला की सहापट संथ गती मिळते. पण टप्पे सारखे ठेवले तर मोती फुग्यासारखे तरंगतात. समान वेळात कापलेलं अंतर १, ३, ५, ७ या प्रमाणात वाढत गेलं पाहिजे, तरच जड वस्तू पडतेय असं डोळा मानतो. दहा-बारा मोती हाताने चितारा, बाकीचे वेगळ्या थरात. आणि पहिला मोती फरशीवर टेकेल त्याच फ्रेमला आवाज परत आणा.

आवाज, मग चित्र

स्टोरीबोर्डवर कच्चे आवाज टाकून अ‍ॅनिमॅटिक करा आणि लांबी तिथेच पक्की करा. त्यानंतर कापलेला प्रत्येक सेकंद म्हणजे फेकून दिलेली चित्रं. पक्के संवाद मात्र प्रत्यक्ष अ‍ॅनिमेशनच्या आधी ध्वनिमुद्रित व्हायलाच हवेत, कारण ओठ आणि भुवया आवाजावर बेततात. वर आलेल्या अमेरिकी चित्रपटांचं बरंचसं चित्रकाम दक्षिण कोरियातल्या स्टुडिओंत झालं आहे. लिहिणारा एका देशात आणि काढणारा दुसऱ्या, हे जमतं ते एक्सपोजर शीटमुळे: कोणतं चित्र कितव्या फ्रेमला, कोणता स्वर कुठे, केप कोणत्या थरावर. तुमची टीम एकाच खोलीत असली तरी शीट तितकीच काटेकोर भरा.

'धाड', 'खण्ण' असे छापील आवाज पडद्यावर आणायचे का, हे सुरुवातीलाच ठरवा. २०१८ च्या स्पायडर-मॅनच्या अ‍ॅनिमेशनपटात छपाईचे ठिपके, पट्ट्या, अक्षरं सगळं आलं आणि शोभलं, कारण वेगाने येणारा धूसरपणा टाळण्यापासून सगळी शैलीच त्या बेताने रचली होती. अधूनमधून लावलेलं अक्षर मात्र स्टिकरसारखं दिसतं.

हिंसेची पातळीही अ‍ॅनिमॅटिकच्या आधी ठरवा. कॉमिकमध्ये दोन चौकटींच्या मधल्या फटीत जे घडतं ते वाचक मनात पुरं करतो. हलत्या चित्रात ते दाखवावं लागतं किंवा मुद्दाम टाळावं लागतं. भारतात आता सेन्सॉरच्या यूए प्रमाणपत्रामध्ये ७, १३ आणि १६ वर्षांचे वेगळे गट आहेत, आणि १६ साठी रचलेला प्रसंग शेवटी कात्रीने १३ चा करता येत नाही, त्याची लय तुटते.

अ‍ॅनिमॅटिक पूर्ण झाला की मूळ कॉमिक न वाचलेल्या चार-पाच जणांना दाखवा. आवडलं का, असं विचारू नका. कथा आपल्या शब्दांत सांगायला लावा आणि ती कुठे अडखळते तिथे कार्डाचा क्रमांक लिहा. दोघं जण एकाच कार्डावर अडखळले तर काढलेल्या गठ्ठ्यात बघा. बहुतेक वेळा हरवलेला दुवा तिथेच पडलेला असतो, आणि तो परत आणायला पूर्ण प्रसंग लागत नाही, १० सेकंदांचा एक शॉट पुरतो.