एकच सूत्र तीन ठिकाणी आणि चुकलेली पट्टी

माझी पहिली नोकरी देवगडात, एका आंबा व्यापाऱ्याकडे. काम बागायतदारांच्या पट्ट्या काढायचं. माल वाशीला विकला गेला, त्यातून हमाली-भाडं वजा झालं, मोसमाआधी घेतलेली उचल कापली, मग हातात किती उरले, याचा कागद म्हणजे पट्टी.

जुना हिशेब अ‍ॅक्सेसमध्ये होता, तो मी मायएसक्यूएलवर आणला. दोन्ही डेटाबेस, म्हणजे माहितीचे तक्ते ठेवायची साधनं. अ‍ॅक्सेसने एक लाड केला होता: पेट्या गुणिले भाव याला 'एकूण' नाव दिलं की शेजारच्याच कॉलममध्ये 'एकूण - खर्च' लिहिता यायचं. मायएसक्यूएल म्हणालं, 'एकूण' नावाचा कॉलमच नाही. मोसम तोंडावर, म्हणून मी सूत्र सरळ कॉपी-पेस्ट केलं. निव्वळमध्ये एकदा, बाकीमध्ये एकदा, ओळी निवडणाऱ्या व्हेअरमध्ये एकदा.

मे महिन्यात पेटीमागचं भाडं १० रुपयांनी वाढलं. मी निव्वळमध्ये बदललं, बाकीमध्ये विसरले. एक आजोबा पट्टी घेऊन आले, "गो बाय, ह्यां गणित माका पटणा नाय." त्यांच्या ४२ पेट्या होत्या. निव्वळमधून उचल वजा केली की कागदावरच्या बाकीपेक्षा ४२० रुपये कमी येत होते. त्यांनी बोटांवर मोजून काढलं, आणि मला कम्प्युटरवर दिसलं नव्हतं!

आता मायएसक्यूएलला 'एकूण' का दिसलं नाही, त्याचं कारण. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, आपण सिलेक्टपासून लिहितो, पण तिचा अर्थ लावला जातो तो फ्रॉमपासून (कोणतं टेबल): मग व्हेअर (कोणत्या ओळी), ग्रुप बाय (गट पाडणं), हॅविंग (कोणते गट), त्यानंतर सिलेक्ट (कोणते कॉलम) आणि शेवटी ऑर्डर बाय (कोणत्या क्रमाने). व्हेअरची पाळी येते तेव्हा तुम्ही ठेवलेल्या नावाचं बारसंच झालेलं नसतं. ऑर्डर बाय सिलेक्टनंतर येतं, म्हणून तिथे ते नाव चालतं. सिलेक्टमधले कॉलम तर एकाच पंगतीला बसलेले, एकाने दुसऱ्याच्या पानातलं घ्यायचं नाही.

उपाय म्हणजे पंगती वेगळ्या करा. (कीवर्ड टाइप करताना अर्थात रोमनमध्येच.)

विथ हिशेब अ‍ॅज (
सिलेक्ट नाव, उचल, पेट्या * भाव अ‍ॅज एकूण, पेट्या * (हमाली + भाडं) अ‍ॅज खर्च फ्रॉम विक्री
),
पट्टी अ‍ॅज (
सिलेक्ट नाव, उचल, एकूण - खर्च अ‍ॅज निव्वळ फ्रॉम हिशेब
)
सिलेक्ट नाव, निव्वळ, निव्वळ - उचल अ‍ॅज बाकी फ्रॉम पट्टी व्हेअर निव्वळ > उचल

सूत्र एकदाच. पुढची पायरी मागच्या पायरीचं नाव हक्काने वापरते. विथने नाव दिलेल्या अशा पायरीला सीटीई (कॉमन टेबल एक्स्प्रेशन) म्हणतात. मायएसक्यूएलमध्ये ते ८.० पासून, म्हणजे २०१८ पासून आहे. त्याहून जुनं व्हर्जन असेल तर फ्रॉममध्ये कंसात सबक्वेरी, म्हणजे क्वेरीच्या आत क्वेरी, लिहा. काम तेच, फक्त वाचताना आतून बाहेर यावं लागतं.

नवख्यांना आणखी एक गोष्ट फसवते: प्रत्येक डेटाबेसची रीत निराळी. ग्रुप बायमध्ये टोपणनाव (सिलेक्टमध्ये आपण ठेवलेलं नाव) मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस दोघांनाही चालतं, पण हॅविंगमध्ये पोस्टग्रेस ते घेत नाही. एसक्यूलाइट तर व्हेअरमध्येही घेतं. म्हणून 'माझ्याकडे चाललं' याला मी फार किंमत देत नाही. क्रमांक काढणारी विंडो फंक्शनंही व्हेअरमध्ये चालत नाहीत, तिथेही हीच पायरीची युक्ती लागते.

टेबलातच जनरेटेड कॉलम (सूत्रावरून आपोआप भरणारा) ठेवायचा मोह मलाही झाला होता. मायएसक्यूएलमध्ये तो ५.७ पासून मिळतो. पण त्याला फक्त आपल्याच ओळीतले कॉलम दिसतात. आमचे भाड्याचे दर पुढे तारखेनिहाय वेगळ्या टेबलात गेले, तेव्हा तो बाद झाला. मग मी त्याच सीटीईचा व्ह्यू, म्हणजे नाव देऊन साठवलेली क्वेरी, केला, आणि पट्टी छापणारा प्रोग्राम आता त्या व्ह्यूवरूनच वाचतो.