पहिलीचं इंग्रजी: आधी कान, मग तोंड, मग पाटी

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे. तरी आपल्याकडच्या खेड्यांत चौथीतलं पोरगं 'मे आय कम इन सर' खणखणीत म्हणतं आणि 'व्हेअर इज युवर बॅग?' विचारलं की गप्प होतं. भाषा कानावर पडायच्या आधीच आपण त्याला अक्षरं गिरवायला बसवलेलं असतं. हा क्रम बदला.

शाळा सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात अंगणवाडी सेविकेला विचारून प्रत्येक मुलाच्या नावापुढे घरची भाषा लिहून ठेवा. मेळघाटात कोरकू असेल, यवतमाळकडे कोलामी किंवा बंजारा, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, बऱ्याच ठिकाणी वऱ्हाडी नाहीतर झाडीबोली. कोरकू मुलाला शाळेतली मराठीच नवी असते, इंग्रजी तर त्याच्याही पुढची. त्याला इंग्रजी शब्दाचा अर्थ मराठीत सांगून भागत नाही, वस्तू हातात द्यावी लागते. आणि 'मले पाणी पाह्यजे' म्हणणाऱ्या पोराला 'नीट बोल' म्हणून कधीही दटावू नका. ज्याच्या घरच्या बोलीला वर्ग हसतो, ते पोरगं नव्या भाषेतही तोंड उघडत नाही.

पहिले दोन-तीन महिने रोज पंधरा मिनिटं फक्त ऐकणं आणि हालचाल. जेम्स अ‍ॅशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची ही पद्धत द्विशिक्षकी शाळेला फार सोयीची, कारण पहिली ते चौथी एकत्र बसवूनही ती चालते. 'स्टँड अप', 'सिट डाऊन', 'टच द डोअर' म्हणा आणि स्वतः करून दाखवा. मुलं बघून करतील. तीन-चार दिवसांनी जागेवरून हलू नका, नुसतं म्हणा. पुढे एका वेळी एकच गोष्ट बदला. 'पुट द स्टोन ऑन द बॅग' जमलं की 'अंडर द बॅग', मग दगडाऐवजी चिंचोका. ज्याने दगड दप्तराखाली सरकवला त्याला 'अंडर' कळलं, ते वदवून घ्यायची गरज नाही. काही दिवसांनी एखादी पोरगी आपणहून उठून वर्गाला हुकूम सोडते. सोडू द्या, आणि तुम्हीही तिच्या हुकमावर उठा-बसा.

मुलं बोलू लागली की सुटे शब्द पाठ करून घेऊ नका, कामाचं वाक्य द्या. 'आय वॉन्ट अ पेन्सिल' बसलं की पेन्सिलच्या जागी काहीही घालता येतं. वर्गातच आठवडी बाजार भरवा: बोरं, चिंचा, संत्री, 'हाऊ मच?', 'टेन रुपीज'. कोणी 'ही गो मार्केट' म्हणालं तर 'येस, ही गोज टू द मार्केट' एवढंच म्हणून पुढे चला. 'इस्कूल', 'इस्टूल' ऐकू आलं तर 'स्स्स' लांबवायला लावा आणि तो चालू असतानाच 'कूल' जोडून घ्या.

अक्षरं त्यानंतर, तीही ए-बी-सी-डीच्या क्रमाने नकोत. एस, ए, टी, आय, पी, एन ही सहा आधी घ्या आणि नावापेक्षा त्यांचा आवाज शिकवा. एवढ्यातच 'सिट', 'पिन', 'टॅप', 'पॅन' वाचता येतात. इंग्रजीत लिहिलेलं नेहमी तसंच वाचलं जात नाही, हेही उघड सांगून टाका. नाहीतर 'पुट' आणि 'बट' समोर आले की मुलांना आपलंच चुकतंय असं वाटतं.

घरचा अभ्यास वहीत देऊ नका. आजच्या दोन आज्ञा आजीला शिकवायच्या, बस.

कापूस वेचणीच्या दिवसांत मुलं आई-बापासोबत वावरात जातात, आठ-आठ दिवस शाळेत दिसत नाहीत. म्हणून दर सोमवारी मागच्या आज्ञा पुन्हा घ्या. परतलेल्या मुलाला उभं करून प्रश्न विचारू नका. त्याला एक जोडीदार द्या, दोघांनी मिळून आज्ञा पाळायच्या. तो जोडीदाराकडे न बघता हलायला लागला की मगच एकट्याला सांगा.